टाइप नसलेले पॉइंटर : चालत्या कंपायलरचा पाया बदलताना जुने किती दिवस सांभाळावे?

ऋतुगंध

नमस्कार. मी पुण्यात एका सिग्नल प्रोसेसरच्या कंपायलरवर काम करते. आमचा कंपायलर एलएलव्हीएमवर, म्हणजे कंपायलर बांधण्याच्या एका मुक्त प्रकल्पावर, उभा आहे आणि आमची प्रत आवृत्ती १४ वर, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, थांबलेली आहे. ती आता आवृत्ती १९ वर न्यायची आहे. वाटेतला सर्वांत अवघड घाट म्हणजे टाइप नसलेले पॉइंटर, ज्यांना सगळे ओपेक पॉइंटर म्हणतात.

ज्यांचा या विषयाशी थेट संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आयआर ही मूळ प्रोग्रॅम आणि मशीनची भाषा यांच्या मधली, कंपायलरची स्वतःची भाषा आहे. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता. तो ज्या वस्तूकडे जातो तिचा टाइप पूर्वी या भाषेत पॉइंटरच्याच टाइपमध्ये लिहिलेला असे. ३२ बिटी पूर्णांकाकडे जाणारा पॉइंटर वेगळा, बाइटकडे जाणारा वेगळा, आणि एकाचा दुसरा करायचा तर मध्ये बिटकास्ट, म्हणजे फक्त टाइप बदलणारी सूचना, घालावा लागे. आता फक्त 'पॉइंटर' एवढाच टाइप उरला आहे. या बदलाची पहिली ठोस पावले २०१५ मध्ये पडली, सप्टेंबर २०२२ च्या आवृत्ती १५ मध्ये तो आपोआप चालू झाला आणि सप्टेंबर २०२३ च्या आवृत्ती १७ मध्ये जुने पॉइंटर पूर्णपणे काढून टाकले गेले.

माझे दोन प्रश्न आहेत. एवढ्या मुळातल्या बदलाला आठ वर्षे लावणे, आणि त्यातला बराच काळ जुने व नवे दोन्ही चालू ठेवणे, योग्य होते का? आणि दुसरा, अधिक निकडीचा: आमच्या कोडमध्ये पॉइंटरच्या आतला टाइप विचारणारी २३ ठिकाणे मला सापडली आहेत, पण टाइप थेट न विचारता त्यावर गुपचूप अवलंबून राहणारी ठिकाणे कशी शोधावीत?

दुपारचा_चहा

वाचतो आहे. आम्हीही आवृत्ती १४ वरच आहोत, त्यामुळे या धाग्याची मला फार गरज आहे.

कातळशिल्प

ऋतुगंधताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

१४ वरून थेट १९ वर उडी मारू नका. आधी १५ वर या आणि तिथे मुक्काम करा. १५ मध्ये दोन्ही पद्धती जिवंत आहेत, आणि जुने पॉइंटर परत आणण्याचा पर्याय क्लँगला, म्हणजे एलएलव्हीएमवरच्या सी आणि सी-प्लस-प्लसच्या कंपायलरला, देता येतो. असर्शन, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या तपासण्या, चालू ठेवून बिल्ड करा आणि तुमचा सगळा टेस्टसंच दोन्ही पद्धतींनी चालवा. ओपेक पॉइंटरला आतला टाइप विचारला की असर्शन तिथेच थांबवते, त्यामुळे थेट विचारणारी ठिकाणे आपोआप सापडतात. गुपचूप अवलंबून असलेली ठिकाणे शोधण्यासाठी दोन्ही पद्धतींनी निघालेला मशीन कोड शेजारी ठेवून फरक पाहावा लागतो. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात, पण जिथे एखादा पास, म्हणजे आयआर तपासणारा किंवा बदलणारा कंपायलरचा एक टप्पा, जुन्या पद्धतीत चालतो आणि नव्यात चालतच नाही, तिथे थांबून त्या पासचा कोड ओळीओळीने वाचा.

या सोयीसाठीच दोन पद्धती एकत्र चालवणे आवश्यक होते. जुन्या वाड्यातला कुजलेला खांब बदलायचा असेल तर घरातली माणसे बाहेर काढत नाहीत. टेकू लावतात, भार त्यावर घेतात, खांब बदलतात आणि मग टेकू काढतात.

वाटसरू

माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल, पण विचारतो. टाइप म्हणजे माहिती. कंपायलरला जितकी जास्त माहिती तितके ऑप्टिमायझेशन चांगले, असे आम्हाला शिकवले गेले. मग असलेली माहिती फेकून देण्यात शहाणपण ते काय?

अनुस्वार

वाटसरू, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. उलट या धाग्याचा गाभा तोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पॉइंटरच्या आतला टाइप ही माहिती वाटत असे, पण ती माहिती नव्हती. एलएलव्हीएमच्या आयआरमध्ये ३२ बिटी पूर्णांकाकडे जाणारा पॉइंटर हातात आला, तर त्या पत्त्यावर खरोखर ३२ बिटी पूर्णांक आहे याची हमी भाषेच्या नियमांत कुठेही नव्हती. तो पत्ता चारने भागला जाईल याचीही हमी नव्हती, आणि त्या पत्त्यावरून चार बाइट वाचता येतील याचीही नव्हती. बिटकास्ट करून कोणत्याही पॉइंटरला कोणताही टाइप देता येत असे आणि ते पूर्णपणे वैध होते.

ज्या माहितीला अर्थ आहे ती वेगळ्या जागी आहे आणि ती अजूनही तिथेच आहे. किती बाइट वाचायचे हे लोड सूचनेवर लिहिलेले असते, आणि पत्ता कितीने भागला जातो हेही त्याच सूचनेवर असते. दोन पत्ते एकमेकांवर पडू शकतात का, हे ठरवताना मूळ भाषेतल्या टाइपांचा जो उपयोग होतो तो टीबीएए नावाच्या मेटाडेटातून होतो, पॉइंटरच्या टाइपमधून कधीच होत नव्हता. म्हणून खऱ्या माहितीचा एक कणही गेलेला नाही.

उलट त्या टाइपची किंमत मात्र सगळे मोजत होते. एकाच पत्त्याला दोन बिटकास्टमुळे दोन नावे मिळत, आणि दोन्ही एकच आहेत हे ओळखण्यासाठी प्रत्येक पासला बिटकास्टच्या आत डोकवावे लागे. एखादा पास लिहिणारा ते विसरला की ऑप्टिमायझेशन हुकत असे. त्याशिवाय ते हजारो बिटकास्ट मेमरीत जागा अडवत आणि प्रत्येक फेरीत वेळ खात.

मोगरा_६२

अनुस्वार यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि या गोष्टीची दुसरी बाजूही नोंदवतो. माझे आयुष्य जीसीसी या दुसऱ्या मुक्त कंपायलरवर गेले. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि तिथे जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा होत असत. त्यातल्या एका कार्यशाळेला मी पवईला गेलो होतो. तोपर्यंत मी दोन वर्षे जीसीसीचा कोड वाचत होतो आणि मला झाडे दिसत होती, जंगल दिसत नव्हते. सूचनांचे वर्णन कुठे लिहिले जाते, ते कंपायलर बांधला जात असतानाच कसे वाचले जाते आणि त्यातून कंपायलरचाच काही भाग कसा तयार होतो, हे तिथे फळ्यावर एकेका पायरीने पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा तो प्रकल्प आपला वाटला.

आता मुद्द्यावर येतो. जीसीसीच्या गिंपल या मधल्या भाषेतही पॉइंटरला टाइप आहे, आणि तो आजही आहे. परंतु फंक्शनचे पॉइंटर आणि वेगवेगळ्या अॅड्रेस स्पेस, म्हणजे मेमरीचे वेगळे विभाग, सोडल्या, तर एका पॉइंटर टाइपमधून दुसऱ्यात केलेले रूपांतर गिंपल निरर्थक मानते आणि सरळ गाळून टाकते. मेमरी वाचताना कोणता टाइप धरायचा हे त्या वाचनावरच लिहिलेले असते, आणि २०११ च्या ४.६ आवृत्तीत मेम-रेफ ही मेमरीच्या वापराची नोंद आल्यापासून ते अगदी स्पष्ट झाले. म्हणजे जीसीसीने टाइपची पाटी दारावर ठेवली आणि तिच्यावर विश्वास ठेवू नये असा नियम केला, तर एलएलव्हीएमने पाटीच काढली. मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. पाटी दिसत असली की नवा माणूस ती वाचतोच.

खडीसाखर

मला कातळशिल्प यांची वाड्याची उपमा आवडली, पण मी तिच्याशी सहमत नाही. टेकूवर घर आठ वर्षे ठेवत नाहीत.

आम्ही त्या काळात अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या, बरोबरीने चालत होतो. २०१५ मध्ये लोडला आणि पत्ता मोजणाऱ्या जीईपी सूचनेला स्वतःचा टाइप द्यावा लागू लागला, तेव्हा आम्ही आमच्या सगळ्या टेस्ट बदलल्या. त्यानंतर कित्येक वर्षे काम इतके संथ चालले की, हा बदल कधी पूर्ण होईल असे आमच्यापैकी कोणालाच वाटेना. त्या काळात आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या मुलाने जुन्या पद्धतीनेच नवा कोड लिहिला, कारण समोर दिसत होते तेच त्याने उचलले. मग २०२१ पासून कामाने वेग घेतला आणि दीड-दोन वर्षांत सारे उरकले. जे शेवटी दोन वर्षांत झाले ते आधीच दोन वर्षांत का करता आले नसते?

पास क्रमाने चालवणाऱ्या नव्या पास मॅनेजरचीही तीच कथा आहे. त्याचा पहिला कोड २०१३ मध्ये आला आणि तो आपोआप चालू झाला २०२१ च्या आवृत्ती १३ मध्ये. तोही फक्त मधल्या टप्प्यातल्या ऑप्टिमायझेशनसाठी, कारण मशीन कोड तयार करणाऱ्या टप्प्यात मुख्य मार्ग त्यानंतरही जुन्या मॅनेजरवरच राहिला. आमच्या बॅकएंडमध्ये आजही एकाच पासला दोन वेष्टने आहेत, एक जुन्यासाठी आणि एक नव्यासाठी.

कातळशिल्प

खडीसाखर, तुमचा त्रास खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. परंतु शेवटच्या दोन वर्षांत वेग आला तो आधीच्या सहा वर्षांत पाया भरला गेला म्हणून. लोड, जीईपी, कॉल यांना स्वतःचे टाइप आले. फंक्शनला एखादी वस्तू प्रत करून देताना तिचा आकार पॉइंटरच्या टाइपवरून काढला जात असे, तर त्या बायव्हॅल गुणधर्मालाच टाइप जोडला गेला, आणि मागोमाग परत मिळणाऱ्या वस्तूच्या पत्त्यासाठीच्या एसरेट या गुणधर्मालाही. कोणता कोड पॉइंटरला काय विचारतो, तो का विचारतो आणि त्याला खरे उत्तर कुठे मिळायला हवे, हे प्रत्येक वेळी शोधून ती माहिती वापराच्या जागी नेऊन ठेवायची, असे ते काम होते. एकेक कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, छोटा, बहुतेकांनी वागणुकीत काहीही बदल न करणारा, आणि प्रत्येकानंतर सगळ्या टेस्ट हिरव्या. हे झाल्याशिवाय शेवटचा घाव घातला असता तर तो अर्ध्या तासात मागे घ्यावा लागला असता, कारण बिल्ड मोडणारा कमिट आधी रिव्हर्ट करायचा आणि चर्चा नंतर, हीच तिथली रीत आहे.

तरीही तुमचे एक म्हणणे मी मान्य करतो. टेकू लावतानाच तो काढण्याची तारीख सांगायला हवी. शेवटच्या टप्प्यात ते नीट झाले: १५ मध्ये आपोआप चालू, १६ मध्ये जुन्याला जमेल तेवढाच आधार, १७ मध्ये जुने बंद, हे लिहून जाहीर केलेले होते. आधीच्या वर्षांत अशी तारीख नव्हती, आणि तुमच्या मुलांनी जुन्या पद्धतीने कोड लिहिला त्याचे कारण तेच आहे. नवी पद्धत असणे पुरत नाही, जुन्या पद्धतीच्या दारावर 'या तारखेला बंद' असे लिहिलेले दिसावे लागते.

खडीसाखर

तारखेबद्दल आपले एकमत झाले, याचा आनंद आहे. आठ वर्षांबद्दल माझे मत कायम आहे.

चिंचेचे_पान

बाहेरच्यांना दर सहा महिन्यांनी हा त्रास होतो तर एलएलव्हीएम आपला सी-प्लस-प्लस इंटरफेस स्थिर का ठेवत नाही? इतर मोठे प्रकल्प ठेवतात.

अनुस्वार

कारण तो स्थिर ठेवला असता तर हा धागाच निघाला नसता, पॉइंटर २००३ च्या पहिल्या आवृत्तीत होते तसेच राहिले असते. स्थिरतेचे वचन कुठे द्यायचे हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले आहे. सी भाषेचा इंटरफेस शक्य तेवढा स्थिर ठेवतात: तिथे लोड बांधणारे जुने फंक्शन लगेच न काढता शेजारी शेवटी '२' असलेले, टाइप वेगळा मागणारे फंक्शन दिले गेले, आणि लोकांना बदलायला बरीच वर्षे मिळाली. बिटकोडबद्दलचे, म्हणजे फाइलमध्ये साठवलेल्या आयआरबद्दलचे, वचन तर फारच भक्कम आहे. आवृत्ती ३.० पासूनचा बिटकोड आजचा एलएलव्हीएम वाचतो आणि वाचतानाच नव्या रूपात आणतो, अगदी टाइप असलेल्या पॉइंटरांसकट. तुमच्या कपाटातली दहा वर्षांपूर्वीची बिटकोड फाइल आज उघडते, ही लहान गोष्ट नाही.

निशिगंध

ऋतुगंध, तुम्ही १९ वर जाणार आहात म्हणून एका दुसऱ्या बदलाची सूचना देऊन ठेवते. पॉइंटर पार केले की लगेच तो समोर येईल.

डीबगरला व्हेरिएबलची किंमत कुठे सापडेल हे सांगणाऱ्या नोंदी पूर्वी आयआरमध्ये कॉल सूचनांच्या रूपात असत. त्या खऱ्या सूचनांच्याच रांगेत बसत, त्यामुळे प्रत्येक पासला 'ही खरी सूचना की डीबगची नोंद' असे विचारत पुढे जावे लागे. एखादा पास 'पुढच्या दहा सूचना पाहा' असे म्हणत असेल आणि त्याने डीबगच्या नोंदीही मोजल्या, तर डीबग माहिती मागितल्यावर वेगळा मशीन कोड निघे. हा दोष शोधणे फार कठीण असते, कारण तपासायला म्हणून डीबग माहिती चालू करावी तर कोडच बदलतो. मी एकदा असा एक दोष तीन आठवडे शोधला आहे.

आवृत्ती १९ पासून या नोंदी सूचनांच्या रांगेतून बाहेर काढल्या आहेत आणि त्या शेजारच्या सूचनेला चिकटलेल्या असतात. त्यामुळे 'या सूचनेच्या आधी' असे म्हटले की ते तिच्या नोंदींच्याही आधी की नोंदी आणि सूचना यांच्या मध्ये, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर इटरेटरमध्ये, म्हणजे रांगेतली जागा दाखवणाऱ्या वस्तूमध्ये, ठेवलेल्या एका जादा बिटात असते. म्हणून सूचना घालताना किंवा हलवताना सूचनेचा पॉइंटर देऊ नका, इटरेटर द्या. ब्लॉकच्या, म्हणजे सूचनांच्या एका सलग गटाच्या, सुरुवातीला काही घालत असाल तर ब्लॉकचाच सुरुवातीचा इटरेटर वापरा. पॉइंटर दिलात तर तो बिट हरवतो, सगळ्या टेस्ट पास होतात आणि डीबगरमध्ये व्हेरिएबलची किंमत एक ओळ उशिरा दिसते.

दुपारचा_चहा

निशिगंधताई, हे वाचून आमच्याकडच्या एका जुन्या तक्रारीचा उलगडा झाला. मनापासून धन्यवाद.

अनुस्वार

ऋतुगंध यांच्या दुसऱ्या प्रश्नाला एक जोड देतो. तुमचे स्वतःचे पास आयआरवर चालत असतील तर अलाइव्ह-टू वापरून पाहा. पास चालण्याआधीचा आणि नंतरचा आयआर त्याला दिला की नंतरचा कोड आधीच्या कोडला सोडून काही करतो का, हे ते गणिताने तपासते, आणि करत असेल तर कोणत्या किमतींना ते घडते याचे उदाहरण हातात देते. टेस्ट फक्त तुम्हाला सुचलेल्या किमती तपासतात. पाया बदलताना माणसाला न सुचलेल्या किमतीच घात करतात.

वाटसरू

*अवांतर:* एलएलव्हीएमचा जन्म इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांच्या हातून झाला हे माहीत होते. अडवे मूळचे आयआयटी मुंबईचे पदवीधर आहेत हे आज शोधताना कळले. मोगरा_६२ यांच्या पवईच्या आठवणीमुळे शोधावेसे वाटले.

ऋतुगंध

तीन आठवड्यांनी परत येते आहे. सगळ्यांचे प्रतिसाद छापून टेबलावर ठेवले होते आणि त्यांचा अक्षरशः उपयोग केला. काय सापडले ते सांगते.

कातळशिल्पदादांनी सांगितल्याप्रमाणे १५ वर मुक्काम केला. २३ ठिकाणे चार दिवसांत संपली. मग मशीन कोडचे फरक पाहताना आमचा एक जुना पास नव्या पद्धतीत कधीच काही करत नाही असे लक्षात आले. तो शेजारशेजारचे दोन १६ बिटी लोड एकत्र करून एक ३२ बिटी लोड करतो. आमच्या प्रोसेसरवर ३२ बिटी लोडचा पत्ता चारने भागला जावाच लागतो. तो भागला जातो हे पास कसे ठरवत होता? पॉइंटरवरचा बिटकास्ट सोलून आत ३२ बिटी पूर्णांकाचा पॉइंटर दिसला की त्याचे समाधान होत असे. आता सोलायला बिटकास्टच उरला नाही, म्हणून पास गप्प बसला.

माझ्या सहकाऱ्याने उपाय सुचवला की तोच टाइप जीईपी सूचनेवरून काढावा. मीही ते मान्य केले, कोड चालला, जुने आकडे परत आले. मग अनुस्वार यांचा प्रतिसाद आठवला आणि अलाइव्ह-टू लावले. पहिल्याच दिवशी त्याने उदाहरण काढून दिले: पॅक केलेली, म्हणजे क्षेत्रांमध्ये मोकळी जागा न सोडलेली, रचना, तिच्यात आधी एक १६ बिटी क्षेत्र आणि लगेच एक ३२ बिटी क्षेत्र. दुसऱ्या क्षेत्राचा पत्ता चारने भागला जात नाही. क्लँगने मूळ दोन्ही लोडवर तसे नीट लिहिलेलेही होते. आमचा पास लोडवर लिहिलेले न वाचता टाइपची पाटी वाचत होता, पूर्वी बिटकास्टवरची आणि माझ्या दुरुस्तीनंतर जीईपीवरची. मोगरा_६२ यांचे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवले. शिवाय आवृत्ती १९ मध्ये स्थिर अंतराचे जीईपी बाइटच्या मापात आणले जातात, म्हणजे ती पाटीही तिथे पोहोचल्यावर गेलीच असती.

आता पास फक्त सिद्ध होणारी अलाइनमेंट, म्हणजे पत्ता कितीने भागला जातो ते, मानतो: लोडवर लिहिलेली, किंवा पत्त्याच्या शेवटच्या बिटांबद्दल विश्लेषणाला खात्रीने ठाऊक असलेली. त्यामुळे पूर्वी एकत्र होणारे काही लोड आता होत नाहीत. त्यातले बरेचसे आमच्या फिल्टर लायब्ररीतल्या बफरांच्या घोषणांमध्ये अलाइनमेंट स्पष्ट लिहून परत मिळवले.

आणि एक गोष्ट उरते. आमचा प्रोसेसर चुकीच्या पत्त्यावर थांबत नाही, तो पत्त्याचे शेवटचे दोन बिट शून्य धरून पुढे जातो आणि शेजारचीच किंमत वाचतो. चार वर्षांपूर्वी एका ग्राहकाने तक्रार केली होती की पॅकेटच्या शीर्षकातली लांबी अधूनमधून चुकीची वाचली जाते. ऑप्टिमायझेशन बंद केले की दोष जात असे. आम्ही ती तक्रार 'पुन्हा घडवता आली नाही' असे लिहून बंद केली होती. काल मी ती उघडली. त्यांच्या पॅकेटच्या रचनेत आधी एक १६ बिटी क्षेत्र आहे आणि लगेच ३२ बिटी लांबी.

कातळशिल्प

ऋतुगंधताई, अलाइव्ह-टूने दिलेले ते उदाहरण आणि ग्राहकाची रचना, दोन्ही टेस्ट म्हणून आजच घाला. आणि ग्राहकाला तुम्ही स्वतः कळवा, तक्रारीच्या यंत्रणेतून आपोआप जाणाऱ्या संदेशावर सोडू नका.

ऋतुगंध

दोन्ही टेस्ट सकाळीच घातल्या. ग्राहकाला दुपारी फोन करते आहे.